पॅरा कमांडो : नेमके काम, निवडीची वाट आणि आपल्या जिल्ह्यातील मुलांची तयारी

शिक्षक_सिन्नर

'पॅरा कमांडो भरती' या नावाची कोणतीही थेट भरती भारतीय लष्कर घेत नाही, हे वाक्य मी सुरुवातीलाच लिहून ठेवतो, कारण नाशिक जिल्ह्यातील कितीतरी घरांतून याच नावावर पैसे भरले जात आहेत. माझ्या वर्गातील एका मुलाच्या वडिलांनी कांद्याचे पैसे हातात येताच एका खासगी अकादमीत भरले. मुलगा वर्षभरात थेट कमांडो होईल, असे त्यांना तोंडी सांगण्यात आले होते. पावती मी स्वतः पाहिली. तिच्यावर 'शारीरिक प्रशिक्षण शुल्क' एवढेच शब्द आहेत. मुलगा मेहनती आहे, त्याची इच्छा खरी आहे, आणि म्हणूनच त्याला खरी वाट कोणीतरी सांगायला हवी असे मला मनापासून वाटते.

प्रथम हे लोक कोण, ते पाहू. लष्कराच्या पॅराशूट रेजिमेंटमध्ये दोन प्रकारच्या पलटणी आहेत. हवाई पलटणी मोठ्या संख्येने विमानातून उतरून शत्रूच्या पिछाडीचा पूल, धावपट्टी किंवा खिंड ताब्यात घेतात आणि मुख्य फौज येऊन मिळेपर्यंत ती जागा धरून ठेवतात. दुसऱ्या पलटणी विशेष दलाच्या, ज्यांना पॅरा एसएफ म्हणतात आणि ज्यांना आपण बोलताना 'पॅरा कमांडो' म्हणतो. या पलटणींतील जवान लहान तुकड्यांनी काम करतात, शत्रूच्या हद्दीत खोलवर जाऊन दिवसचे दिवस लपून टेहळणी करतात, ठरावीक लक्ष्यावर छापा घालतात आणि कोणी पाहण्याच्या आत परत फिरतात. दोन्हींच्या डोक्यावर गडद लाल टोपी असते, मात्र 'बलिदान' हे चिन्ह फक्त विशेष दलाचे जवान लावतात.

पॅरा एसएफसारखी, पण वेगळी पथकेही आहेत. नौदलाचे मार्कोस १९८७ मध्ये आणि हवाई दलाचे गरुड २००४ मध्ये उभे राहिले. त्यांची निवड आपापल्या दलातून होते. एनएसजी, म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दल, १९८४ पासून केंद्रीय गृहमंत्रालयाच्या अखत्यारीत आहे आणि तेथे लष्करातील जवान प्रतिनियुक्तीवर जातात. मुंबईची फोर्स वन आणि गडचिरोलीतील सी-६० ही महाराष्ट्र पोलिसांची पथके आहेत. आपल्याकडे सर्वाधिक घोटाळा होतो तो बेळगावच्या कमांडो अभ्यासक्रमावरून. पायदळाच्या पलटणींतील 'घातक' तुकड्यांचे जवान आणि तरुण अधिकारी तेथे अत्यंत खडतर प्रशिक्षण घेतात आणि ते पूर्ण करणारा माणूस आदरास पूर्ण पात्र असतो, परंतु त्यामुळे तो पॅरा एसएफचा जवान होत नाही.

आता वाट. जवान म्हणून जायचे असेल तर आधी सैन्यात भरती व्हावे लागते, म्हणजे आज अग्निवीर म्हणून. आधी संगणकावरील सामायिक प्रवेश परीक्षा, मग भरती मेळाव्यात शारीरिक चाचणी, मग वैद्यकीय तपासणी आणि गुणवत्ता यादी. निवड झालेल्यांपैकी जे पॅराशूट रेजिमेंटकडे जातात त्यांचे प्रशिक्षण बंगळुरूच्या केंद्रात होते. दुसरी वाट अशी की आधीच कोणत्याही पलटणीत असलेला जवान स्वेच्छेने पॅरासाठी अर्ज करतो. दोन्ही वाटा शेवटी प्रोबेशनच्या, म्हणजे कसोटीच्या काळाच्या, दारात येऊन थांबतात. विशेष दलाचे प्रोबेशन साधारण तीन महिन्यांचे असते, ते त्या पलटणीतच होते, आणि माणूस ठेवायचा की नाही हे ती पलटणच ठरवते.

ज्यांनी ही सेवा जवळून पाहिली आहे त्यांनी येथे लिहावे, ही विनंती.

तोफखाना_निवृत्त

सर, धागा काढल्याबद्दल आभार. मी देवळाली कॅम्पला राहतो आणि तोफखान्यातून निवृत्त झालो. नाशिकच्या वाचकांना बहुधा ठाऊक नसलेली एक गोष्ट आधी सांगतो. नाशिक रोडच्या आर्टिलरी सेंटरमधून तयार होऊन गेलेल्या तोफचीच्या डोक्यावरही गडद लाल टोपी येऊ शकते. आग्र्याच्या ५० व्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर पॅराशूट फील्ड रेजिमेंट असते, म्हणजे तोफांसह विमानातून उतरणारा तोफखाना. तसेच पॅरा इंजिनीयर, सिग्नल आणि वैद्यकीय पथकेही असतात. मी अशाच एका रेजिमेंटमध्ये होतो. त्यामुळे लाल टोपीचे स्वप्न पाहणाऱ्या मुलाला तोफखाना मिळाला म्हणून त्याने निराश होण्याचे कारण नाही.

उडीविषयी लोक फार विचारतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आग्र्याच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये हवाई दलाचे प्रशिक्षक आधी जमिनीवरच तयारी करून घेतात. त्यातला सर्वांत मोठा भाग असतो पडायला शिकण्याचा. दोन्ही पाय घट्ट जोडलेले, गुडघे किंचित वाकलेले, हनुवटी छातीशी, आणि पाय टेकताच आधी पोटरी, मग मांडी, मग कंबर, मग पाठीची एक बाजू असा अंगाचा गोळा करून लोळण घ्यायची. हे इतक्या वेळा करून घेतात की झोपेतून उठवले तरी पाय आपोआप जुळावेत. पाय फाकलेले राहिले तर सगळा भार एकाच पायावर येतो आणि घोटा जातो. विमानात प्रत्येकाच्या पाठीवर मुख्य छत्री आणि छातीवर राखीव छत्री असते. मुख्य छत्रीचा पट्टा विमानातील तारेला अडकवलेला असल्यामुळे बाहेर पडताच ती आपोआप उघडते. साधारण १,२५० फुटांवरून उडी असते. उभे राहा, पट्टा अडकवा, पुढच्याची छत्री तपासा, असे हुकूम सुटतात. दारात आधी लाल दिवा लागतो आणि मग हिरवा. हिरवा लागल्यावर विचार करायला वेळ नसतो, कारण मागचा माणूस चिकटून उभा असतो आणि एका सेकंदाचा उशीर म्हणजे जमिनीवर दोन माणसांमधील अंतर बरेच वाढते. बाहेर पडल्यावर मोजायचे आणि मान वर करून छत्री पूर्ण उघडली का ते पाहायचे. माळपुराच्या मैदानावर अशा पाच उड्या, त्यांत एक रात्रीची, पूर्ण झाल्या की छातीवर पंख मिळतात.

तथापि उडी हे केवळ पोहोचण्याचे साधन आहे. विशेष दलाचे खरे काम जमिनीला पाय लागल्यावर सुरू होते, आणि अनेकदा ते उडीशिवाय, चालत, गाडीने किंवा हेलिकॉप्टरने जाऊन केलेले असते.

१९६५ च्या युद्धात मेजर मेघसिंह यांनी निवडक स्वयंसेवकांची तुकडी घेऊन शत्रूच्या मागे छापे घातले. ती मेघदूत फोर्स म्हणून ओळखली गेली आणि तिच्याच अनुभवावरून १९६६ मध्ये ९ पॅरा कमांडो उभी राहिली, तर पुढच्या वर्षी तिच्यातून वाळवंटासाठी १० पॅरा कमांडो वेगळी झाली. डिसेंबर १९७१ मध्ये या दोन्ही पलटणींची कसोटी लागली. लेफ्टनंट कर्नल भवानीसिंह यांच्या १० पॅराने जीप आणि जोंगा गाड्यांतून सिंधच्या वाळवंटात सुमारे ८० किलोमीटर आत शिरून छाछरोवर छापा घातला. ९ पॅराने १३ आणि १४ डिसेंबरच्या रात्री पूंछ भागातील मंढोल येथे नदी ओलांडून शत्रूच्या १२२ मिलिमीटरच्या सहा तोफा उद्ध्वस्त केल्या. मी तोफखान्याचा माणूस असल्याने या छाप्याचे मोल मला विशेष जाणवते. ज्या तोफा आपल्या ठाण्यांवर मारा करत असतात त्या डोंगराआड असल्यामुळे समोरून दिसत नाहीत, आणि त्यांच्यापर्यंत रात्रीत पोहोचलेली थोडी माणसे जे करतात ते एरवी मोठ्या फौजेला फार किंमत मोजून करावे लागते.

निफाडची_आई

माझा मुलगा द्वितीय वर्षाला आहे आणि त्याने मनाशी पक्के केले आहे. आम्ही त्याला अडवणार नाही. काका, मला एवढेच विचारायचे आहे की प्रोबेशनमध्ये मुलांबरोबर नेमके काय करतात आणि जो मुलगा तेथे टिकत नाही त्याचे पुढे काय होते. गावात कोणी म्हणतो घरी पाठवतात, कोणी म्हणतो नोकरीच जाते. रात्री याच विचाराने झोप लागत नाही.

तोफखाना_निवृत्त

ताई, नोकरी जात नाही. जो जवान दुसऱ्या पलटणीतून स्वेच्छेने आला असेल तो आपल्या मूळ पलटणीत परत जातो. तेथे त्याच्याकडे कोणी कमीपणाने पाहत नाही, कारण बहुसंख्य उमेदवार परत येतात हे सर्वांना ठाऊक असते. जो सरळ भरतीतून पॅराकडे आला असेल तोही सैन्यातच राहतो.

प्रोबेशनमध्ये शरीर थकवतात हे खरे, पण थकवणे हा हेतू नसतो. झोप तोडतात, पाठीवर ओझे आणि हातात शस्त्र देऊन लांब पल्ले ठरावीक वेळेत कापायला लावतात, रात्री नकाशा आणि होकायंत्र देऊन अनोळखी प्रदेशात सोडतात. माणूस पुरता गळून गेला की मग त्याला प्रश्न विचारतात: वाटेत काय पाहिलेस, पूल किती खांबांचा होता, सोबत्याच्या पिशवीत काय होते. उपाशी आणि जागरणाने सुन्न झालेला माणूस खरे सांगतो की रेटून काहीतरी ठोकून देतो, सोबत्याचे ओझे उचलतो की नजर चुकवतो, हे तेथील अनुभवी उस्ताद पाहत असतात. 'मला जायचे आहे' असे उमेदवार कोणत्याही क्षणी म्हणू शकतो आणि त्याला कोणी रोखत नाही.

तुमच्या काळजीचे उत्तर माझ्यापाशी पूर्ण नाही. ही सेवा जोखमीची आहे. घरच्यांनी ते समजून होकार द्यावा, असे मी प्रत्येक आईवडिलांना सांगतो.

पंचवटीकर_इतिहास

या चर्चेत मराठी पलटणींचा संबंध यायलाच हवा. दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेली ३/५ मराठा लाइट इन्फंट्री, जिच्यातील रायगड जिल्ह्याचे नाईक यशवंत घाडगे यांना जुलै १९४४ मधील पराक्रमाबद्दल मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तीच पलटण युद्धानंतर पॅराशूट पलटण झाली आणि १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंट स्थापन झाल्यावर '२ पॅरा' या नावाने ओळखली जाऊ लागली. ११ डिसेंबर १९७१ रोजी तत्कालीन पूर्व पाकिस्तानात टांगाईल येथे लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंह पन्नू यांच्या नेतृत्वाखाली विमानातून उतरून पुंगली पूल ताब्यात घेणारी पलटण हीच. ढाक्याकडे माघार घेणाऱ्या सैन्याची वाट त्यामुळे अडली. उत्तरेकडून कूच करत आलेली १ मराठा लाइट इन्फंट्री त्याच संध्याकाळी पुलापाशी येऊन मिळाली, आणि १६ डिसेंबरला ढाक्यात प्रथम शिरणाऱ्यांत २ पॅराचे जवान होते.

२१ मराठा लाइट इन्फंट्रीची पुढे २१ पॅरा एसएफ झाली आणि 'वाघनख' या नावाने ती ओळखली जाते. सातारा जिल्ह्याचे कर्नल संतोष महाडिक याच पलटणीचे. साताऱ्याच्या सैनिक शाळेत शिकलेला हा अधिकारी १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाड्यात ४१ राष्ट्रीय रायफल्स या लष्कराच्या दहशतवादविरोधी पलटणीचे नेतृत्व करताना हुतात्मा झाला, आणि त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक पुढे परीक्षा देऊन, चेन्नईचे प्रशिक्षण पूर्ण करून लष्करात अधिकारी झाल्या.

अपयशाची नोंदही घेतली पाहिजे. ऑक्टोबर १९८७ मध्ये श्रीलंकेतील जाफना विद्यापीठावर हेलिकॉप्टरने उतरून एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेचे नेतृत्व पकडण्याची योजना होती. १० पॅरा कमांडो आणि १३ शीख लाइट इन्फंट्री त्यात होत्या. शत्रूने बिनतारी संदेश पकडले होते आणि तो तयारीत बसला होता. शीख पलटणीच्या उतरलेल्या तुकडीतील एक जवान वगळता सर्व मारले गेले. जवानांच्या शौर्यात कसलीही उणीव नव्हती. विशेष दल कितीही तरबेज असले तरी फुटलेल्या बातमीची भरपाई त्याला करता येत नाही, हे नियोजन करणाऱ्यांनी त्या रात्रीवरून शिकावे.

फिजिओ_नाशिक

माझ्याकडे सतरा-अठरा वर्षांची मुले नडगीच्या दुखण्याने येतात. त्यांच्या कहाण्यांत विलक्षण साम्य असते: पाठीवर वाळूने भरलेली पिशवी, पायात जाड बूट आणि पहाटे डांबरी रस्त्यावर लांबचे धावणे, कारण 'कमांडो असेच धावतात' असे त्यांना कोणीतरी सांगितलेले असते. नडगीच्या हाडाला भार सोसायला वेळ लागतो. तो न देता ओझे वाढवले तर हाडाला बारीक तडा जातो, आणि मग कित्येक आठवडे धावणे बंद ठेवावे लागते. मुलगा दुखणे लपवून धावत राहिला तर नुकसान आणखी वाढते आणि ऐन भरतीच्या हंगामात तो घरी बसतो.

पालकांना माझी कळकळीची विनंती आहे की भरती होण्यापूर्वी मुलांना ओझे घेऊन धावू देऊ नका. मातीच्या मैदानावर धावणे, बीमवर पुलअप्स, महापालिकेच्या तलावात पोहणे, पांडवलेणीच्या पायऱ्या चढणे, पोटभर जेवण आणि पुरेशी झोप एवढे पुरे आहे. नडगीवर एकाच जागी बोट दाबल्यावर कळ येत असेल तर त्या दिवशी धावणे थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

दिंडोरीचा_धावपटू

सर्वांना नमस्कार. मी यंदा भरतीला बसणार आहे. माझे १,६०० मीटर अजून सहा मिनिटांच्या आत-बाहेर होते. दुसरे असे की अग्निवीराची सेवा चार वर्षांची असते. त्यांत प्रशिक्षण, मग पॅराचे प्रोबेशन, मग उड्या. एवढे सगळे होईपर्यंत निम्मी सेवा संपेल. मग आमच्यासारख्यांनी हे स्वप्न धरावे का, हे स्पष्ट सांगावे.

तोफखाना_निवृत्त

बाळा, तुझी शंका रास्त आहे आणि ती माझ्याही मनात आहे. जून २०२२ मध्ये योजना आली तेव्हापासून चार वर्षांनंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के जणांना कायम करण्याची तरतूद आहे. विशेष दलाचा जवान मात्र प्रोबेशन संपल्यावर घडायला सुरुवात होते. पुढे नाहनची स्पेशल फोर्सेस ट्रेनिंग स्कूल, मिझोराममधील वैरेंगटे येथील जंगलयुद्धाची शाळा, गुलमर्गचे बर्फातील प्रशिक्षण, आणि शिवाय प्रत्येकाचे एक खास कौशल्य: कोणी स्फोटके, कोणी संदेशवहन, कोणी प्रथमोपचार. तुकडी लहान असल्यामुळे एक माणूस दुसऱ्याचेही काम करू शकला पाहिजे, आणि ते हातात मुरायला वर्षे जातात. इतकी मेहनत घेऊन तयार केलेला माणूस चार वर्षांनी घरी पाठवणे देशाला परवडणारे नाही, असे माझे स्पष्ट मत आहे आणि विशेष दलांसाठी वेगळा विचार व्हायला हवा असे मला वाटते.

तुझ्यापुरते सांगायचे तर प्रयत्न जरूर कर, पण आधी चांगला शिपाई हो. पॅराच नाही मिळाली तरी जी पलटण मिळेल तिच्यात मन लावून राहशील, असे स्वतःला विचारून उत्तर 'हो' येत असेल तरच निघ.

शिक्षक_सिन्नर

धावण्याबद्दल मी लिहितो. शारीरिक चाचणीत १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत पूर्ण केल्यास पूर्ण ६० गुण मिळतात आणि बीमवर दहा पुलअप्स काढल्यास ४० गुण. नऊ फुटांचा खड्डा आणि तोल सांभाळण्याची चाचणी केवळ उत्तीर्ण व्हायची असते. साडेपाच मिनिटे म्हणजे ४०० मीटरची प्रत्येक फेरी साधारण ८२ सेकंदांत. बहुतेक मुले पहिली फेरी ७० सेकंदांत काढतात आणि तिसऱ्या फेरीत कोसळतात. मीनाताई ठाकरे स्टेडियमवर मित्राला घड्याळ धरायला सांग आणि चारही फेऱ्या सारख्या यायला लागेपर्यंत वेग वाढवू नकोस. जनरल ड्यूटीसाठी दहावीत एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३ गुण लागतात. वयाची मर्यादा आणि अन्य अटी दरवर्षीच्या अधिसूचनेतच वाचाव्यात, कारण त्या बदलतात.

लेखी परीक्षेकडे दुर्लक्ष करू नकोस. आता ती आधी होते, त्यामुळे उत्तम धावणारी मुले मैदानावर पोहोचण्यापूर्वीच बाद होताना मी पाहतो आहे आणि त्याचे फार वाईट वाटते.

कळवणची_कॅडेट

मी एनसीसीत आहे. मुलींना या वाटेने जाता येते का?

शिक्षक_सिन्नर

पॅरा एसएफच्या लढाऊ पलटणींत मुलींची निवड आजवर होत नाही. ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्समध्ये मात्र महिला डॉक्टरांनी पॅराशूटचे प्रशिक्षण घेतले आहे. कोरियाच्या युद्धात लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्या नेतृत्वाखाली गेलेले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये भूकंपानंतर तुर्कस्तानात रुग्णालय उभारणारे हेच पथक. २०२२ पासून मुलींना एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतही, प्रवेश आहे, आणि आपल्या नाशिकमध्येच एनडीएच्या तयारीसाठी मुलींची शासकीय सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था सुरू झाली आहे.

निफाडच्या ताईंनाही एक सुचवतो. तुमचा मुलगा पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे पदवीनंतर सीडीएस ही अधिकारी भरतीची परीक्षा देऊन तो अधिकारी म्हणून जाऊ शकतो. अधिकारी झाल्यावरही पॅरा एसएफसाठी स्वेच्छेने नाव देता येते आणि प्रोबेशन त्यालाही चुकत नाही. सीडीएस आणि एसएसबी, म्हणजे अधिकारी निवड मंडळाच्या, मुलाखतीच्या तयारीसाठी राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचे छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र नाशिक रोडला आहे. तेथे राहणे, जेवण आणि प्रशिक्षण विनामूल्य असते. पुढच्या तुकडीची माहिती जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मिळेल. त्याला स्वतःच जाऊन विचारू द्या.